थकीत पगाराच्या तडजोडीवर न्यायाधीशांची सही होईपर्यंत

दिनांक ७ मार्च २०२५ रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास कामगार न्यायालयात आमच्या तडजोडीवर आदेश झाला. अर्ज दाखल केला होता ९ मार्च २०२२ रोजी, म्हणजे तीन वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते. या तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखे बरेच आहे. पण त्यातले शेवटचे तीन महिने, म्हणजे दोन्ही बाजूंनी तडजोड मान्य केल्यापासून न्यायाधीशांनी ती मंजूर करेपर्यंतचा काळ, मला सर्वांत अवघड गेला. ‘आपण सही केली, मालकाने सही केली, मग आता अडले कुठे?’ हा प्रश्न त्या काळात मी रोज स्वतःला विचारत होते. त्याचे उत्तर मला कोर्टात बसूनच समजले. माझ्यासारखे आणखी कोणी याच टप्प्यावर घाबरून किंवा वैतागून गेले असतील, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान इंजिनिअरिंग कारखान्यात मी स्टोअर्समध्ये लिपिक होते. २००७ साली लागले. आलेला माल मोजून घेणे, इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद करणे, चलने लावून ठेवणे, संध्याकाळी उशिरा गाडी आली तर ती रिकामी होईपर्यंत थांबणे, हे माझे काम. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून शेवटी महिना १६,४०० रुपये होते. एप्रिल २०२१ पासून पगार थांबला. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ या शब्दावर आम्ही सगळे पाच महिने काम करत राहिलो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळी गेलो तर गेटला कुलूप होते. बंदची रीतसर नोटीस लावलेली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात व्यवस्थापकांनी आम्हाला एकेकटे बोलावून वीस हजार रुपये आणि एक छापील व्हाउचर समोर ठेवले. त्यावर ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, काही येणे बाकी नाही’ असे लिहिलेले होते. तेराजणांपैकी दोघांनी सही केली. एकाच्या घरी दवाखाना चालू होता, दुसऱ्याच्या मुलीचे लग्न ठरले होते, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हा कोणालाच नाही. उरलेले आम्ही अकराजण परत आलो. त्या व्हाउचरवरचे वाक्य मला पुढे सव्वातीन वर्षांनी जवळपास त्याच शब्दांत पुन्हा भेटणार होते.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आम्ही सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. तेथे वकील चालत नाही. कामगार स्वतः किंवा युनियनचा पदाधिकारी बोलतो. आमची युनियन नव्हती, त्यामुळे बोलण्याचे काम माझ्याकडे आले, केवळ कागद माझ्याकडे नीट लावलेले होते म्हणून. तीन बैठका झाल्या, त्यांपैकी दोन बैठकांना कंपनीतर्फे कोणी आलेच नाही. जानेवारी २०२२ मध्ये तडजोड होऊ शकत नाही असे सांगण्यात आले. आम्ही समजत होतो की ही पायरी चढल्याशिवाय कोर्टात जाताच येत नाही. आमच्या प्रकारच्या अर्जासाठी तशी सक्ती नव्हती हे नंतर कळले. तरीही तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्या बैठकांच्या इतिवृत्तात ‘पाच महिन्यांचे वेतन देणे आहे, परंतु आर्थिक अडचण आहे’ असे कंपनीच्या प्रतिनिधीचे म्हणणे नोंदले गेले आणि त्याच्या खाली त्याची सही होती. पुढे कोर्टात या एका कागदाने फार काम केले. बैठक कितीही निष्फळ वाटली तरी इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी.

आमचा अर्ज औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३३-क (२) खालचा होता. वकिलांनी हे कलम आम्हाला फार सोप्या भाषेत समजावले होते. कामगाराचा हक्क आधीच ठरलेला असला पाहिजे, न्यायालय फक्त त्याचा पैशातला आकडा काढून देते. हक्क आहे की नाही यावरच भांडण असेल तर हा अर्ज लंगडा पडतो. या अर्जाला मुदतीचे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे गॅस कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात १९६३ सालीच सांगितलेले आहे. अर्थात त्या भरवशावर उशीर करू नये, कारण मुदत नसली तरी कागद आणि साक्षीदार वाट पाहत थांबत नाहीत.

माझी मागणी अशी होती: पाच महिन्यांचे वेतन ८२,००० रुपये; शिल्लक ३८ दिवसांच्या रजेचे २३,९६९ रुपये; आणि ४१२ तासांच्या जादा कामाचे दुप्पट दराने ६४,९६९ रुपये. एकूण १,७०,९३८. पहिल्या दोन रकमांबद्दल फारसा वाद होण्यासारखा नव्हता. तिसरी रक्कम कमकुवत होती. स्टोअर्समधील लिपिक हा कारखाना कायद्याच्या अर्थाने कामगार आहे का, हाच मुद्दा कंपनीने कैफियतीत, म्हणजे तिच्या लेखी उत्तरात, घेतला. म्हणजे हक्कावरच वाद. शिवाय तासांचा पुरावा म्हणजे माझी स्वतःची खिशातली वही. हजेरीपत्रके हजर करावीत असा अर्ज आम्ही दिला, तेव्हा ती पावसाच्या पाण्यात खराब झाली असे उत्तर आले.

अकरा वेगवेगळे अर्ज, पण तारीख सगळ्यांची एकच पडत असे. पहिल्या दोन नोटिसा ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ असा शेरा लागून परत आल्या. तिसऱ्या वेळी नोटीस बजावणाऱ्या कोर्टाच्या बेलिफाबरोबर आमच्यातला एकजण मालकांच्या राहत्या घरी गेला आणि जुलै २०२२ मध्ये नोटीस बजावली गेली. दोन्ही बाजूंनी वकील देण्यास परस्परांची हरकत नसल्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, झाली, कारण या कायद्याखाली समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच वकील उभा राहू शकतो. कैफियत नोव्हेंबरमध्ये आली. माझे शपथपत्र एप्रिल २०२३ मध्ये, उलटतपास सप्टेंबरमध्ये झाला. उलटतपास सव्वा तास चालला, आणि त्यात मला माझ्या वहीतील नोंदी वेगवेगळ्या शाईत का आहेत, असे तीनदा विचारण्यात आले. ज्या दिवशी जे पेन हाताशी होते त्याने लिहिले, एवढेच मी सांगू शकले. घरी आल्यावर रात्रभर वाटत राहिले की मी खोटी ठरले. सोबतच्या बायकांना मी आता हे आवर्जून सांगते की उलटतपासानंतर असे वाटतेच, आणि त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नये.

खर्चाचे म्हणाल तर वकिलांनी प्रत्येकी ६,००० रुपये घेतले, निम्मे अर्जाच्या वेळी आणि निम्मे शेवटी. टायपिंग व झेरॉक्सचे माझे १,३८० रुपये झाले, नोटरीचे २००, नकलांचे ९०, आणि बावीस तारखांचे येण्याजाण्याचे १,३२०. एकूण ८,९९०. याशिवाय मी तोपर्यंत एका औषधाच्या दुकानात हिशेब लिहायला लागले होते, तेथे प्रत्येक तारखेला अर्ध्या दिवसाचे २५० रुपये कापले जात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळू शकतो, हे मला अर्ज दाखल झाल्यानंतर दीड वर्षाने एका फलकावर वाचून समजले. तो फलक मी त्या आधी कितीदा तरी ओलांडून गेले होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. पैसे नाहीत म्हणून कोणी थांबले असेल, तर आधी तेथे जावे.

२०२४ चे वर्ष कंपनीच्या साक्षीदाराची वाट पाहण्यात चालले. सप्टेंबरमध्ये मात्र कंपनीच्या वकिलांकडून अचानक निरोप आला. कारखान्याची जागा दुसऱ्याच्या नावे करायची होती आणि प्रलंबित प्रकरणे त्यात आडवी येत होती. अकराजणांच्या मागण्या मिळून साडेसतरा लाखांच्या घरात जात होत्या. बोलणे सहा लाखांपासून सुरू झाले आणि अडीच महिन्यांत तेरा लाखांवर येऊन थांबले. माझ्या वाट्याला १,२८,००० रुपये येत होते. वेतन आणि रजेचे पैसे पूर्ण, आणि जादा कामाच्या मागणीतले साधारण एक तृतीयांश. वकिलांनी निर्णय आमच्यावर सोडला. ते एवढेच म्हणाले, “निकाल तुमच्या बाजूने लागला तरी ते वर जातील. वेतनाची मागणी टिकेल असं मला वाटतं. ओव्हरटाइमबद्दल मी शब्द देऊ शकत नाही.”

ज्या संध्याकाळी आम्ही सगळे एका सहकाऱ्याच्या घरी बसून यावर बोललो, ती मला विसरता येणार नाही. कोणाला वाटत होते की इतकी वर्षे थांबलो तर आणखी थांबू. कोणाला तारखेचा शब्दही नकोसा झाला होता. माझे म्हणणे मी मांडले की कष्टाच्या पैशातला भाग सोडताना वाईट वाटणारच, पण कोणता भाग सोडतो आहोत आणि का, हे प्रत्येकाला आकड्यांत दिसले पाहिजे. म्हणून मी एक तक्ता केला: नाव, मागितलेली रक्कम, मान्य झालेली रक्कम, कशापोटी किती, सोडलेले किती. पुढे हाच तक्ता न्यायाधीशांनी मागितला, आणि तो तयार होता म्हणून आमची एक तारीख वाचली. तडजोडीच्या पुरसिशीला असा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडावाच, कारण नुसती एकरकमी संख्या पाहून कोणाही न्यायाधीशाला ती रास्त आहे की नाही हे ठरवता येणार नाही.

प्रकरण लोक अदालतीत ठेवावे असेही कंपनीच्या वकिलांनी सुचवले होते. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे मार्ग चांगला आहे. आमच्यातील एकजण मात्र २०२३ च्या डिसेंबरात वारले होते आणि त्यांचे वारस अजून दप्तरी आलेले नव्हते, म्हणजे प्रकरणात त्यांच्या जागी नोंदले गेले नव्हते, म्हणून आम्ही न्यायालयाच्या नेहमीच्या बोर्डावरच (रोजच्या सुनावणीच्या यादीवरच) राहिलो.

४ डिसेंबर २०२४ रोजी तडजोड पुरसीस दाखल झाली. टाइप केलेली चार पाने, शेवटच्या पानावर नऊजणांच्या सह्या आणि एक अंगठा. मी घरून निघताना देवापुढे साखर ठेवून निघाले होते, कारण त्याच दिवशी सगळे संपेल अशी माझी समजूत होती.

पुकारा झाल्यावर न्यायाधीशांनी पुरसीस वाचायला घेतली आणि मग आम्हाला एकेकाला पुढे बोलावले. हे कशासाठी, ते मला तेव्हा समजले नव्हते. प्रत्येकाला तेच प्रश्न होते: यात काय लिहिले आहे हे तुम्ही वाचले का, कोणी वाचून दाखवले का, सही तुमची आहे का, कोणी दबाव आणला का, किती रक्कम मिळणार आहे आणि केव्हा. तिघांनी रक्कम बरोबर सांगितली, पण हप्ते कधी मिळणार हे सांगता आले नाही. मग आमच्यातील सर्वांत वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांची पाळी आली. अण्णांनी तीस वर्षे ड्रिलिंग मशीनवर काम केलेले. अंगठ्यावरच्या रेषा कूलंट आणि बिडाच्या भुकटीने इतक्या झिजलेल्या की पुरसिशीवरचा त्यांचा ठसा म्हणजे एक जांभळा ठिपका दिसत होता. न्यायाधीशांनी लिपिकाला सगळी पुरसीस त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला लावली आणि वाचून झाल्यावर विचारले, “बाबा, समजलं का सगळं?”

अण्णा म्हणाले, “समजलं साहेब. पण ह्यात माझ्या फंडाचंही मिटलं का? तो मला मिळालेला नाही अजून.”

न्यायाधीशांनी मागचे पान उलटले आणि पुरसिशीतले कलम ६ पुन्हा वाचले. ‘अर्जदारांची प्रस्तुत अर्जातील तसेच नोकरीच्या अनुषंगाने उद्भवणारी कोणतीही मागणी सामनेवाले यांचेविरुद्ध शिल्लक राहिलेली नाही व राहणार नाही.’ हे वाक्य मी किमान चार वेळा वाचले होते. आमच्या वकिलांनीही ते नेहमीची शब्दरचना म्हणून सोडले होते. आमच्यापैकी ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीच ते ऐकले, असे म्हणावे लागेल.

या एका वाक्यात किती पैसे जात होते, हे मी त्याच दिवशी बाहेर बाकावर बसून मांडून पाहिले. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या पगाराला सव्वीसने भागून पंधराने गुणायचे आणि पुन्हा नोकरीच्या वर्षांनी. माझी चौदा वर्षे धरून १,३२,४६१ रुपये येत होते. म्हणजे जी रक्कम घेऊन मी समाधान मानणार होते, तिच्यापेक्षा जास्त रक्कम सोडून देत असल्याचे कागदावर लिहिलेले होते, आणि त्याखाली माझी सही होती. ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ च्या कलम १४ प्रमाणे तो कायदा इतर करारांच्या वर राहतो आणि भविष्य निर्वाह निधीचा हक्कही असा खाजगीत सोडता येत नाही, हे खरे; पण ‘काही येणे नाही’ असा कोर्टात नोंदलेला कागद समोरच्याच्या हातात असला की तो हक्क मिळवण्यासाठी आणखी किती तारखा लागल्या असत्या, याचा विचार आजही नकोसा वाटतो. २०२१ मध्ये गेटवर समोर आलेले व्हाउचर आणि हे कलम ६ यांत शब्दांचा फारसा फरक नव्हता. गेटवर मात्र ते कोणी मोठ्याने वाचून दाखवले नव्हते आणि ‘समजले का’ असे विचारले नव्हते.

त्या दिवशी आदेश झाला नाही. रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, तीन गोष्टी आल्या. कलम ६ स्पष्ट करावे, हप्ता चुकल्यास काय याची तरतूद करावी, आणि मयत अर्जदाराचे वारस दप्तरी आणल्याशिवाय त्यांच्यापुरती तडजोड विचारात घेता येणार नाही. पुढची तारीख ९ जानेवारी २०२५. घरी परतताना माझ्या मनात समाधान नव्हते, भीती होती. मालक आता मागे फिरले तर? ज्यांना पैशांची निकड होती त्यांनी अण्णांनाही बोल लावले. अण्णा काही बोलले नाहीत.

९ जानेवारीला कंपनीच्या वकिलांनी अशिलाशी बोलायला वेळ मागितला. त्या मधल्या दिवसांत बोलणी पुन्हा झाली आणि त्यातून निघालेली सुधारित रचना अशी होती की तडजोड प्रस्तुत अर्जातील मागण्यांपुरती राहील, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचे हक्क अबाधित राहतील, पण कारखाना बंद झाल्याबद्दलच्या भरपाईची वेगळी मागणी अर्जदार करणार नाहीत. ही भरपाई कायद्यात आहे, मात्र कामगारच कामावर येईनासे झाले असे कंपनीचे म्हणणे होते आणि तो वाद वेगळा लढावा लागला असता. ती आम्ही सोडली. हे लिहून ठेवते, कारण तडजोडीत मिळालेले सांगायचे आणि सोडलेले झाकायचे, हे बरोबर नाही.

हप्त्यांच्या कलमात आमच्या वकिलांनी दोन ओळी घातल्या: हप्ता ठरल्या तारखेस न मिळाल्यास त्यावर द.सा.द.शे. ९ टक्के व्याज, आणि तीस दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम देय. पैसे रोख किंवा कोणा एकाच्या हाती न देता प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा करावेत, हेही त्यातच आले. खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोड पासबुकाशी ताडून पाहावा. आमच्यातल्या दोघांच्या बँका विलीन झाल्यामुळे त्यांचे जुने कोड चालत नव्हते आणि ही गोष्ट अगदी शेवटच्या आठवड्यात लक्षात आली.

वारसांचे काम ११ फेब्रुवारीच्या तारखेला झाले. वारलेल्या सहकाऱ्याच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, दोन्ही मुलांचे आधार आणि आपण तिघेच वारस असल्याचे शपथपत्र द्यावे लागले. मोठा मुलगा सुरतेला कामाला, त्याला यावे लागले. तिघांना समान भाग असे आधी लिहिले होते. मुलांनी कोर्टासमोर सांगितले की सगळी रक्कम आईच्या खात्यात जावी. न्यायाधीशांनी मोठ्या मुलाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. वहिनी त्या वेळी खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. ज्या पगारासाठी हा अर्ज होता तो त्यांच्या यजमानांनी मिळवलेला शेवटचा पगार होता.

७ मार्चला नव्या पुरसिशीवर पुन्हा सह्या झाल्या, आणि पुन्हा एकेकाला तेच प्रश्न विचारण्यात आले. या वेळी सगळ्यांना हप्त्यांच्या तारखा पाठ होत्या. अण्णांचा ठसा पहिल्यांदा उमटला नाही. लिपिकाने अंगठा ओल्या रुमालाने पुसून, शाईच्या पॅडवर हलकेच फिरवून दुसऱ्यांदा घेतला आणि वकिलांनी तो ओळखल्याची सही केली. माझी पाळी आली तेव्हा न्यायाधीशांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारले, “जादा कामाचे बेचाळीस हजार नऊशे तुम्ही सोडता आहात, हे लक्षात आहे ना? आणि बंदची भरपाईही?” मी हो म्हणाले. आवाज थोडा कापला, पण दबावाखाली म्हटलेले ते हो नव्हते. तडजोड उभयपक्षी स्वेच्छेने झालेली व रास्त दिसते, त्यानुसार अर्ज निकाली काढण्यात येतात, पुरसीस हा आदेशाचा भाग राहील, असा छोटा आदेश झाला. पहिला हप्ता ५०,००० रुपयांचा, त्याचे डिमांड ड्राफ्ट त्याच वेळी कोर्टात हाती मिळाले.

आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी दुसऱ्याच दिवशी अर्ज करावा. आम्हाला प्रत मिळायला बारा दिवस लागले. ती प्रत हातात असणे किती महत्त्वाचे आहे हे जूनमध्ये कळले, कारण १० जूनला यायचा ३९,००० रुपयांचा दुसरा हप्ता आला नाही. पंधरा दिवस वाट पाहून वकिलांनी आदेशाच्या प्रतीसह पत्र पाठवले आणि त्यात लिहिले की रक्कम न मिळाल्यास वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्यात येईल. असा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि येणे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. त्यासाठी पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. २७ जूनला पैसे जमा झाले, व्याजाच्या १६३ रुपयांसह. रक्कम किरकोळ होती, पण त्या १६३ रुपयांच्या नोंदीकडे मी पासबुकात बराच वेळ पाहत राहिले. तिसरा हप्ता १० सप्टेंबरला वेळेवर आला.

आमचे प्रकरण जुन्या कायद्यांखाली चालले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे यापुढे अर्ज करणाऱ्यांनी मी दिलेली कलमे जशीच्या तशी वापरू नयेत, नव्या संहितांतील कलमे आणि मुदती वकिलांकडून तपासून घ्याव्यात. वेतनाच्या दाव्यासाठी जुन्या वेतन प्रदान कायद्यात बारा महिन्यांची मुदत होती, ती वेतन संहितेत तीन वर्षांची झाली आहे, हा एक चांगला बदल आहे.

ग्रॅच्युइटीचा अर्ज मी एप्रिल २०२५ मध्ये नमुना ‘एन’ मध्ये, उशीर माफ करण्याच्या विनंतीसह दाखल केला. उशिराचे कारण म्हणून प्रलंबित प्रकरण दाखवले आणि सुधारित कलम ६ ची प्रत जोडली. अण्णांचा अर्जही माझ्याबरोबरच आहे. तो मी लिहून दिला आणि सही करण्याआधी त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सकाळी साडेदहाला मी आणि अण्णा कोर्टाच्या फाटकाशी भेटणार आहोत.